खळ्यावरचा मुलगा : ‘गो टेल इट ऑन द माउंटन’मधील वर्ण, वासना आणि पाप

१

कुमारवयातून प्रौढत्वाकडे जाणाऱ्या नायकाची कादंबरी हा युरोपीय वाङ्मयाने घडवलेला एक महत्त्वाचा घाट आहे. गटेच्या ‘विल्हेल्म माइस्टर’पासून (१७९५-९६) जर्मन समीक्षा ज्याला बिल्डुंग्सरोमान म्हणते, त्या या प्रकाराच्या मुळाशी एक गृहीतक असते. नायक घराबाहेर पडतो, जगाशी त्याचा संघर्ष होतो, तो धडपडतो, शिकतो आणि अखेरीस त्या जगात स्वतःची जागा मिळवतो. जगात त्याच्यासाठी एक जागा आहे, हे या घाटाला मान्य करावेच लागते. ती जागा त्याने नाकारली तरी तिचे असणे कादंबरीला आवश्यक असते. ज्याच्यासाठी जगाने जागाच ठेवलेली नाही, आणि जे काही ठेवले आहे त्याचे नाव ‘शाप’ असे आहे, अशा मुलाच्या घडणीची कथा या घाटात कशी बसावी?

जेम्स बाल्डविन (१९२४-१९८७) याच्या ‘गो टेल इट ऑन द माउंटन’ (१९५३) या पहिल्या कादंबरीने हा प्रश्न उभा केला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील जॉन ग्राइम्स हा कृष्णवर्णीय मुलगा मार्च १९३५ मधल्या एका शनिवारी चौदा वर्षांचा होतो. त्या सकाळी तो जागा होतो आणि दुसऱ्या दिवशीच्या पहाटे, प्रार्थनामंदिरात रात्रभर जमिनीवर पडून राहिल्यानंतर, घरी परततो. प्रत्यक्ष कथाकाळ एवढाच. जॉन काळा आहे, गरीब आहे, धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेला आहे आणि त्याचे मन मुलींकडे न वळता मुलांकडे वळते. यांपैकी शेवटची गोष्ट कादंबरी कुठेही नाव देऊन सांगत नाही; पण ती पहिल्या काही पानांतच, नाकारता येऊ नये इतक्या स्पष्टपणे ठेवते.

या कादंबरीच्या समीक्षेचे दोन प्रवाह दिसतात. एका प्रवाहाने ती कृष्णवर्णीय कुटुंबाची, स्थलांतराची, धर्माची आणि पितापुत्र-संघर्षाची कादंबरी म्हणून वाचली. या वाचनात जॉनची वासना म्हणजे वयात येण्याची एक सर्वसामान्य खूण ठरली. पुढच्या काळातील समलैंगिकतेविषयक समीक्षेने नेमकी तीच बाजू उचलून धरली. तिच्या काही वाचनांत जॉनचे धर्मांतर हे वासनेवरचे पांघरूण ठरले आणि गॅब्रिएल, फ्लोरेन्स, एलिझाबेथ यांचा इतिहास पार्श्वभूमीला गेला. पहिले वाचन मुलाचे शरीर वगळते, दुसरे त्याच्या शरीरामागचा इतिहास. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या कादंबरीत वर्ण आणि वासना ही दोन स्वतंत्र आशयसूत्रे नाहीत. जॉनला ती दोन्ही एकाच शब्दात भेटतात. तो शब्द ‘पाप’ हा आहे, आणि कादंबरीचा सारा रूपबंध या एका शब्दाची उकल करण्यासाठी रचला गेला आहे.

२

जॉन ज्या भाषेत जगतो ती प्रथम पाहिली पाहिजे. वाढदिवसाच्या सकाळी अंथरुणात पडल्यापडल्या त्याला आठवते की आपल्या हातून एक पाप घडले आहे. शाळेच्या स्वच्छतागृहात एकटा असताना, आपल्याहून मोठ्या, धिप्पाड आणि धीट मुलांचा विचार करीत असताना, त्याने स्वतःच्या शरीरात एक बदल अनुभवला आहे आणि तो कोणाजवळ बोलून दाखवण्याचे धैर्य त्याला कधी होणार नाही. या पापाच्या अंधाराला निवेदक शनिवारी संध्याकाळच्या रिकाम्या प्रार्थनामंदिरातील अंधाराची उपमा देतो. पापाची जागा आणि पुण्याची जागा पहिल्याच प्रकरणात एका काळोखाने जोडल्या जातात.

यानंतर कादंबरी मळाच्या प्रतिमांनी भरून जाते. स्वयंपाकघरातला कितीही घासला तरी न जाणारा मळ, जॉनने झाडून झाडून न संपणारी सतरंजीतली धूळ, पुसूनही परके वाटणारे आरशातले प्रतिबिंब. ‘ग्राइम’ या इंग्रजी शब्दाचा अर्थच काजळी, चिकटून बसलेला मळ असा होतो; कुटुंबाचे आडनाव त्यावरून आले आहे, हे योगायोगाने घडलेले नाही. घर स्वच्छ ठेवणे हे जॉनचे काम आहे आणि स्वच्छ होणे ही त्याच्या पंथाची आज्ञा आहे. पण हा मळ नेमका कशाचा? गॅब्रिएलने जॉनला सांगितलेले आहे की त्याचा चेहरा सैतानाचा आहे. गोऱ्यांचे जग त्याच्या कातडीला मळ म्हणते. पंथ त्याच्या वासनेला मळ म्हणतो. जॉनजवळ या तीन मळांसाठी तीन शब्द नाहीत. आरशासमोर उभे राहून तो सैतानाची खूण शोधतो तेव्हा ती खूण वर्णाची, कुरूपतेची की इच्छेची, हे त्याला सांगता येणार नाही. म्हणून वाचकालाही ते वेगळे काढता येत नाही.

या रचनेचा सर्वांत नेमका प्रत्यय तिसऱ्या भागात येतो. जॉन जमिनीवर पडलेला असताना त्याला एक प्रसंग आठवतो. घरातल्या कळकट न्हाणीघरात बापाची पाठ घासून देताना त्याने बापाला नग्न पाहिले होते. लगेच त्याला नोहाचा मुलगा हाम आठवतो. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील नवव्या अध्यायाची ही कथा आहे. द्राक्षारसाने धुंद होऊन तंबूत उघड्या पडलेल्या बापाला हाम पाहतो. नोहा जागा झाल्यावर शाप देतो आणि हामचा वंश दासांचा दास ठरतो. मूळ संहितेत शाप प्रत्यक्षात हामच्या मुलाला, कनानला मिळतो. परंतु अमेरिकेतील गुलामगिरीच्या समर्थकांनी याच कथेचा आधार घेऊन आफ्रिकी वंशाचे लोक हामचे शापित वंशज असल्याचे शतकानुशतके सांगितले.

बाल्डविनने या एका कथेत दोन धागे एकत्र पाहिले आणि त्यातच त्याच्या प्रतिभेची खूण आहे. हामच्या कथेत पुरुषाच्या नग्न शरीराकडे पाहणारा मुलगा आहे, आणि त्या पाहण्याची शिक्षा म्हणून एका साऱ्या वंशाची गुलामगिरी आहे. पाहणे हे पाप आणि काळा वर्ण हा त्या पापाचा पुरावा. म्हणजे काळेपण आणि निषिद्ध दृष्टी यांची गाठ बाल्डविनने मारलेली नाही. ती गोऱ्या ख्रिस्ती अमेरिकेने आपल्या धर्मग्रंथाच्या वाचनातून आधीच मारून ठेवली होती. जॉन ती फक्त स्वतःच्या शरीरात भोगतो. याच ठिकाणी एक उपरोधिक आवाज त्याला विचारतो की हजारो वर्षांपूर्वी कोणा माणसाने उघड्या तंबूत जे पाहिले त्यासाठी, न्हाणीघरात तेच पाहणारा तू शापित कसा ठरतोस? शाप इतक्या युगांतून खाली उतरतो काय? कादंबरीत पुन्हा पुन्हा येणारा हा आवाज जॉनला उठून निघून जायला सांगत असतो. तो सैतानाचा मानावा की विवेकाचा, हे ठरवण्याची जबाबदारी बाल्डविनने वाचकावर सोडली आहे.

कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा वापरली तेव्हा त्यांचा मुद्दा असा होता की कृष्णवर्णीय स्त्रीवरील अन्याय म्हणजे वर्णभेद अधिक लिंगभेद अशी बेरीज नसते. त्या छेदबिंदूवर एक वेगळाच अनुभव असतो. बाल्डविनच्या कादंबरीला ही संज्ञा उपलब्ध नव्हती आणि तिची गरजही नव्हती. बेरजेचे गणित चुकते, हे तिने छत्तीस वर्षे आधी एका न्हाणीघराच्या आठवणीतून दाखवले होते.

३

कादंबरीच्या तीन भागांपैकी मधला भाग सर्वांत मोठा आहे आणि तो जॉनचा नाही. जॉन प्रार्थनामंदिरात असताना त्याची आत्या फ्लोरेन्स, बाप गॅब्रिएल आणि आई एलिझाबेथ गुडघे टेकून प्रार्थना करतात आणि प्रत्येकाच्या प्रार्थनेतून त्याचा भूतकाळ उलगडतो. मुलाच्या घडणीच्या कादंबरीत मुलगाच अर्ध्याहून अधिक काळ बाजूला राहतो, ही या कादंबरीवरची रास्त शंका आहे. तिचे उत्तर पूर्वस्मृतीतंत्राच्या कौशल्यात शोधून भागणार नाही. या तीन प्रार्थनांचा जॉनच्या शरीराशी काय संबंध आहे, हे पाहावे लागते.

तिन्ही प्रार्थनांत गोऱ्या समाजाची हिंसा प्रत्येक वेळी शरीरावर, तेही बहुधा लैंगिक जीवनावर येऊन आदळते. गॅब्रिएलची पहिली बायको डेबोरा हिच्यावर कुमारवयात गोऱ्या पुरुषांनी बलात्कार केला आहे. नंतर तिच्याच समाजातले पुरुष तिच्याकडे विटाळलेली म्हणून पाहतात. फ्लोरेन्स कातडी उजळ करण्याची मलमे लावत राहते आणि तिचा नवरा फ्रँक त्यावर चिडतो. जॉनच्या आईचा प्रियकर रिचर्ड याला न केलेल्या चोरीसाठी पोलीस पकडतात, कारण दुकानदाराच्या नजरेला सारे काळे तरुण सारखेच दिसतात. सुटका झाल्यावर तो स्वतःच्या नसा कापून घेतो. एलिझाबेथ गरोदर आहे, हे त्याला कळलेलेच नसते. त्या गर्भातून जॉन जन्मतो. गॅब्रिएल एलिझाबेथशी लग्न करतो, मुलाला आपले म्हणण्याचे वचन देतो आणि ते कधीच पाळत नाही. त्याला स्वतःच्या रक्ताचा, देवाने वचन दिलेला पुत्र हवा आहे. एस्थरपासून झालेला रॉयल त्याने नाकारला आणि तो शिकागोत मारला गेला. आता त्याची सारी आशा रॉयवर आहे आणि रॉय त्याचे तोंडही पाहू इच्छित नाही.

यातले जॉनला काहीच ठाऊक नाही. गॅब्रिएल आपला जन्मदाता नाही, हे त्याला कादंबरी संपेपर्यंत कळत नाही. वाचकाला मात्र सारे कळलेले असते. या अंतरातच कादंबरीचा अर्थ आहे. बाप आपला द्वेष करतो तो आपल्या पापामुळे, असे जॉन समजतो. वाचकाला दिसते की हा द्वेष जॉनने काहीही करण्यापूर्वीचा आहे. त्यात एका निष्पाप तरुणाची अटक आहे, एका स्त्रीची विटंबना आहे, एका उपदेशकाचे लपवलेले पाप आहे. मुलगा ज्याला ‘माझे पाप’ म्हणतो त्याच्यात इतरांच्या आयुष्यांचा आणि एका देशाच्या इतिहासाचा किती वाटा आहे, हे मधला भाग मोजून दाखवतो. म्हणून तो आवश्यक आहे. तो गेला तर उरलेली कथा एका अतिसंवेदनशील मुलाच्या अपराधगंडाची होईल.

रिचर्ड आणि जॉन यांच्यातील साम्यही असेच वाचकालाच दिसते. रिचर्ड एलिझाबेथला वस्तुसंग्रहालयात नेत असे. गोऱ्यांना जे ठाऊक आहे ते सारे आपल्याला ठाऊक झाले पाहिजे, ही त्याची जिद्द होती. जॉन वाढदिवसाच्या दिवशी सेंट्रल पार्कच्या टेकडीवर चढून शहराकडे पाहतो, फिफ्थ अव्हेन्यूने चालत जातो. बेचाळिसाव्या रस्त्यावरचे मोठे ग्रंथालय त्याला खुणावत असते, पण त्या भव्य दारातून आत जाण्याचे धैर्य त्याला अजून झालेले नाही. ज्या बापाचे नावही त्याने ऐकलेले नाही त्याचा वारसा तो चालवीत असतो. पारंपरिक घडणीच्या कादंबरीत नायकाला हा वारसा कधीतरी हाती येतो. येथे तो पानावर असतो आणि नायकापासून लपलेला राहतो.

४

धर्माच्या दृष्टीने पापाचा शोध घेणारा हा पंथ जॉनच्या वासनेबाबत आंधळा आहे, ही कादंबरीतील एक सूक्ष्म विसंगती आहे. एलिशा हा सतरा वर्षांचा तरुण पाद्र्याचा पुतण्या आहे, जॉर्जियाहून नुकताच आलेला आहे. तो आणि एला मे एकत्र फिरतात, एवढ्यावरून त्या दोघांना सर्व मंडळीसमोर उभे करून ताकीद दिली जाते. प्रत्यक्ष पाप घडलेले नाही, घडण्याआधीचा हा इशारा आहे. मुलगा आणि मुलगी यांच्यावर पंथाची नजर इतकी कडक आहे. पण शनिवारी संध्याकाळी रिकाम्या मंदिरात झाडलोट करताना एलिशा आणि जॉन कुस्ती खेळू लागतात, घामेघूम होतात, जॉनला आपल्या अंगातले बळ आणि एलिशाच्या शरीराचा वास एकदमच जाणवतो, तेव्हा तेथे पाहणारे कोणी नसते. पाहिले असते तरी त्यांना दोन मुलांचा खेळच दिसला असता. ज्याला पंथाजवळ नाव नाही ते पंथाला दिसत नाही. बायबलमधील याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झुंजतो आणि पहाटे आशीर्वाद घेऊनच त्याला सोडतो; त्या कथेची सावली या कुस्तीवर आहे, आणि ती कादंबरीच्या शेवटापर्यंत पोहोचते.

तिसऱ्या भागाचे शीर्षक ‘खळे’ असे आहे. ज्या मराठी वाचकाने शेतात मळणी पाहिली आहे त्याला या प्रतिमेचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. कणसे तुडवली जातात, उफणणी होते, दाणा आणि भूस वेगळे होतात. पंथाच्या दृष्टीने मंदिरातली वेदीपुढची जागा म्हणजे असे खळे. माणूस तेथे पडतो, तुडवला जातो आणि त्याच्यातले पाप वाऱ्यावर उडून जाते. जॉन तेथे पडतो. कबरीच्या काळोखात त्याला मार खाल्लेल्या, विटंबना झालेल्या, हातपाय तुटलेल्या असंख्य माणसांचा आक्रोश ऐकू येतो. तो आवाज त्याने जन्मापासून ऐकलेला आहे, असे त्याच्या लक्षात येते. त्या काळोखातून त्याला बाहेर काढणारा आवाज गॅब्रिएलचा नाही, एलिशाचा आहे.

म्हणून या धर्मांतराचे दोन सोपे अर्थ टिकत नाहीत. जॉन पंथाला शरण गेला आणि त्याची वासना दडपली गेली, असे म्हणावे तर त्याला वाचवणारा आवाज नेमका त्याच मुलाचा आहे, ज्याच्याकडे त्याचे मन ओढले आहे. वासनेनेच धर्माचे रूप घेतले, एवढेच म्हणावे तर त्या काळोखातील गुलामांच्या आक्रोशाला अर्थ उरत नाही. जॉनने तेथे जे मिळवले ते एकाच वेळी आपल्या लोकांशी नाते आणि एका माणसाविषयीचे प्रेम आहे. खळ्यावर दाणा आणि भूस वेगळे व्हावेत अशी पंथाची अपेक्षा असते. बाल्डविनच्या खळ्यावर ते वेगळे होत नाहीत. उफणणी फसते, आणि या फसण्यात जॉनचे अखंडत्व टिकून राहते.

पहाटे सारे घरी परततात. रस्त्यात फ्लोरेन्स गॅब्रिएलला डेबोराचे जुने पत्र दाखवून त्याच्या पापाची आठवण देते. घराशी पोचल्यावर जॉन एलिशाला विनवतो की पुढे माझे काहीही झाले, लोक माझ्याविषयी काहीही म्हणाले, तरी या रात्री मी तेथे होतो हे तू लक्षात ठेव. लोक काय म्हणतील याची ही चौदा वर्षांच्या मुलाला आलेली चाहूल कादंबरीतील सर्वांत करुण जागा आहे. ज्याला अजून स्वतःचे नाव ठाऊक नाही, तो त्या नावाविरुद्ध आधीच साक्षीदार नेमून ठेवतो. एलिशा त्याच्या कपाळाचे चुंबन घेतो. पौलाच्या पत्रांतून ख्रिस्ती परंपरेत आलेले हे पवित्र चुंबन आहे. पुरुषाने पुरुषाला प्रेमाने स्पर्श करावा, यासाठी या पंथाने मोकळी ठेवलेली ती एकच जागा आहे. दारात उभा असलेला गॅब्रिएल हसत नाही.

येथे कादंबरीची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. एलिशाला स्वतःचे अंतर्विश्व दिलेले नाही. तीन वडीलधाऱ्यांना दीर्घ प्रार्थना मिळतात. एलिशाला शरीर, आवाज आणि सात्त्विकता यांपलीकडे काही मिळत नाही. जॉनविषयी त्याला काय वाटते, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. त्यामुळे जॉनचे प्रेम एका प्रतिमेवर जडलेले राहते आणि उत्तर मिळण्याच्या किंवा न मिळण्याच्या धोक्यापासून सुरक्षित राहते. बाल्डविनला हा धोका ठाऊक नव्हता असे नाही. याच ग्राइम्स कुटुंबावरच्या ‘द आउटिंग’ (१९५१) या कथेत मंडळीच्या नौकाविहारात जॉनीचे डेव्हिड या मित्रावरचे प्रेम उघडपणे येते, आणि डेव्हिडचे मन एका मुलीकडे वळत असल्याचे जाणवताच जॉनीला मित्राच्या खांद्यावरही शांती उरत नाही. कथेने जे सहन केले ते कादंबरीने टाळले.

५

आत्मचरित्रात्मक सामग्रीवर आधारलेली ही कादंबरी तृतीय पुरुषी निवेदनात का आहे, हा प्रश्न मराठी वाचकाला विशेष पडावा असा आहे. बाल्डविन स्वतः हार्लेममध्ये वाढला, त्याचा सावत्र बाप उपदेशक होता, तो स्वतः चौदाव्या वर्षी उपदेश करू लागला आणि सतराव्या वर्षी चर्च सोडून बाहेर पडला. या सामग्रीला ‘मी’ सहज साजला असता. आपल्याकडे ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनांनी ‘मी’ला साक्षीचे सामर्थ्य दिले. ‘अक्करमाशी’त तर जन्माच्या अनौरसपणाचा प्रश्नच केंद्रस्थानी आहे आणि निवेदक तो प्रश्न समाजाच्या तोंडावर फेकतो. जॉनला हे शक्य नाही, कारण साक्ष देण्यासाठी आधी आरोपाचे नाव माहीत असावे लागते. त्याला जन्माचे सत्य माहीत नाही आणि इच्छेचे नाव माहीत नाही. बाल्डविनचा निवेदक जॉनच्या अगदी जवळ उभा राहतो, बायबलच्या लयीत त्याला शब्द देतो. पण जॉनजवळ नसलेले नाव त्याच्या वतीने उच्चारत नाही. हा संकोच भीतीचा आहे असे मानण्यापेक्षा तो निवेदनाचा प्रामाणिकपणा आहे असे मानणे अधिक योग्य ठरेल.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून घेतले. तेव्हापासून मराठीत कृष्णवर्णीय साहित्य मुख्यतः विद्रोहाच्या बाजूने वाचले गेले. ते वाचन ऐतिहासिकदृष्ट्या सार्थ होते. परंतु त्याने बाल्डविन पुरता हाती येत नाही, कारण त्याने आपल्या लेखनाची सुरुवातच निषेधाच्या कादंबरीवरील टीकेने केली होती. ‘एव्हरीबडीज प्रोटेस्ट नॉव्हेल’ (१९४९) या निबंधात त्याने ‘अंकल टॉम्स केबिन’ आणि रिचर्ड राइटची ‘नेटिव्ह सन’ (१९४०) यांना एकाच रांगेत बसवले. त्याचा आक्षेप असा की निषेधाची कादंबरी माणसाला त्याच्या वर्गवारीपुरता उरवते आणि ज्या धर्मशास्त्राने काळ्या माणसाला पापी ठरवले त्याचीच चौकट नकळत स्वीकारते. चार वर्षांनी आलेली ही कादंबरी म्हणजे त्या निबंधाचे सर्जनशील उत्तर आहे. हार्लेममध्ये १९ मार्च १९३५ रोजी मोठी दंगल झाली. कादंबरीचा कथाकाळ त्याच महिन्यातला असून तिच्यात दंगल नाही. रॉयला गोऱ्या मुलांनी सुरा मारल्याची घटना आहे, पण तिचे पडसाद घरात उमटतात : गॅब्रिएल बायकोच्या तोंडात मारतो आणि जखमी मुलाला पट्ट्याने झोडपतो. समाजातली हिंसा कुटुंबाच्या स्वयंपाकघरात कशी उतरते, हे बाल्डविन पाहतो.

या निवडीची किंमत त्याला मोजावी लागली. दुसरी कादंबरी ‘जिओव्हानीज रूम’ (१९५६) समलैंगिक प्रेमावर उघडपणे लिहिताना त्याने सारी प्रमुख पात्रे गोरी ठेवली. १९८४ च्या एका मुलाखतीत त्याने सांगितले की त्या वेळी हे दोन्ही भार एकाच पुस्तकात पेलणे त्याला शक्य नव्हते. १९६८ मध्ये ब्लॅक पँथरचा नेता एल्ड्रिज क्लीव्हर याने ‘सोल ऑन आइस’मध्ये बाल्डविनच्या समलैंगिकतेवरच हल्ला केला आणि तिला स्ववंशद्वेषाचे लक्षण ठरवले. जॉनने एलिशाला जे लक्षात ठेवायला सांगितले होते त्याची गरज येथे सिद्ध झाली. पंथाने दिलेला शाप आता चळवळीच्या भाषेत परत आला. कृष्णवर्ण, चर्चचे संगीत आणि पुरुषाचे पुरुषावरील प्रेम ही तिन्ही उघडपणे एका कादंबरीच्या केंद्रस्थानी आणायला बाल्डविनला ‘जस्ट अबव्ह माय हेड’पर्यंत (१९७९), म्हणजे पहिल्या कादंबरीनंतर सव्वीस वर्षे थांबावे लागले.

मराठीत तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’पासून सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’पर्यंत (२००६) समलैंगिक अनुभवाचे लेखन झाले आहे, पण त्यातले घर बहुधा मध्यमवर्गीय, पांढरपेशे आहे. दुसऱ्या बाजूने दलित आत्मकथनांनी शरीराची भूक, मार आणि विटाळ यांविषयी अपूर्व निर्भयतेने लिहिले; पुरुषाने पुरुषाकडे, स्त्रीने स्त्रीकडे ओढले जाण्याविषयी ती बहुतांशी मूक राहिली. ही दोन दालने आपल्या वाङ्मयात अजून वेगवेगळ्या दारांनी उघडतात. त्यांच्यामधली भिंत कोणत्या शब्दाने बांधली आहे, हे शोधणे आपल्या समीक्षेचे काम आहे. हार्लेमच्या जॉनला तो शब्द ‘पाप’ असा भेटला. आपल्याकडे तो ‘विटाळ’ असू शकेल. ज्या शब्दाने एका जातीला शिवू दिले नाही त्याच शब्दाने शरीराच्या किती इच्छांना अस्पृश्य ठरवले आहे, या प्रश्नाकडे बाल्डविनची कादंबरी मराठी वाचकाला आणून सोडते.